वखारीसमोरची फट

सोमवार, अकरा मार्च. सकाळचे सात वाजून बावीस मिनिटे. सायकल एक, जीव तीन.

हँडलला अडकवलेल्या लहानशा खुर्चीत अडीच वर्षांचा धाकटा, मागच्या कॅरिअरवर सहा वर्षांची थोरली, आणि दोघांच्या मध्ये त्यांची आई. हँडलच्या एका बाजूला डब्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला पाळणाघरात द्यायच्या जादा कपड्यांची. आईच्या पाठीवर चिमटा लावलेली लाकडी पाटी आडवी बांधलेली असते. थोरलीचे नाक प्रत्येक खड्ड्यात त्या पाटीवर आपटते, आणि प्रत्येक वेळी ती तसे कळवते.

"आई, नाक."

"डोकं बाजूला कर."

"बाजूला केलं की कान आपटतो."

"मग कान आपटू दे. दोन आहेत."

दोन मुले सायकलीवर चढवण्याला एक क्रम असतो आणि तो चुकला की सायकल आडवी होते. आधी स्टँड लावून मागची बसवायची, मग पुढचा. पुढचा आधी बसला तर हँडल फिरते आणि सगळा संसार रस्त्यावर येतो. धाकट्याला हा क्रम मान्य नाही. त्याला रोज पहिले बसायचे असते, आणि ते नाकारल्याबद्दल तो पहिले शंभर मीटर घंटी वाजवून निषेध करतो. थोरलीला क्रम मान्य आहे. पण सगळे बसून स्टँड काढल्यावर तिला लघवीला जायचे असल्याचे आठवते. सात वाजता निघायचे ठरवलेले हे कुटुंब सव्वासातला निघते. त्या पंधरा मिनिटांत या बाईने जे काही बोललेले असते त्याची तिला आठ वाजता लाज वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता ती तेच पुन्हा बोलते.

घर रस्त्याच्या एका बाजूला, पाळणाघर आणि शाळा दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता सहा पदरी आणि त्याच्या मधोमध दुभाजक. लाकडाच्या वखारीसमोर या दुभाजकात एक फट आहे, साधारण तीन फूट रुंदीची. ती कोणी आखलेली नव्हती. कधीकाळी पाण्याची वाहिनी टाकताना दुभाजक फोडला आणि पुन्हा भरायचा राहून गेला, एवढाच तिचा इतिहास. तिथे तीन पदर ओलांडून थांबायचे, उरलेले तीन पदर मोकळे व्हायची वाट पाहायची आणि मग जायचे. अडचण एवढीच की दुभाजकाची जाडी चार फूट आहे आणि सायकलीची लांबी साडेपाच. म्हणजे थांबलेल्या सायकलीचा दीड फूट भाग कोणत्या तरी बाजूने रस्त्यावर राहतोच. पुढचे चाक बाहेर ठेवले तर धाकट्याचे पाय वाहनांच्या वाटेत येतात. मागचे ठेवले तर थोरली येते. कोणते मूल रस्त्यावर ठेवायचे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात विचारला गेला असता तर विद्यार्थ्यांनी तो अतिरंजित ठरवला असता. या आईने तो केव्हाच सोडवला होता. ती थोरलीला बाहेर ठेवत असे, कारण थोरलीला निदान ओरडता येते.

त्या सकाळी फटीच्या तोंडाशी पत्र्याचा नवा फलक होता. थोरली नुकतीच वाचायला शिकलेली. दिसेल ते अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नसे.

"वा-ह-तूक ग-ण-नेत या..."

"मनात वाच."

"मनात वाचलं तर तुला कसं कळेल?"

आईने स्वतः वाचले. वाहतूक गणनेत या मार्गाचा वापर अत्यल्प आढळल्याने सदर फट एक एप्रिलपासून कायमची बंद करण्यात येत आहे. हरकती वीस मार्चपर्यंत. मागून एका मालट्रकने भोंगा वाजवला, तो थोरलीच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेला.

"आई, गणना म्हणजे तू करतेस तेच ना?"

"पाय आत घे," आई म्हणाली.

ती तेच करत असे. रस्ते खात्याच्या वाहनगणना कक्षात ती तीन वर्षे रोजंदारीवर होती. नेमून दिलेल्या जागी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ बसायचे आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी त्याच्या रकान्यात एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी तिरपी, त्यांना छेदणारी. दुपारी कार्यालयात बसून या पाच-पाचच्या जुड्यांची बेरीज. पुढे या बेरजेला भार लावला जाई: बस म्हणजे तीन, मोटार म्हणजे एक, सायकल म्हणजे एक पंचमांश. सायकलीवर कितीही जीव असले तरी एक पंचमांशच. ती डावखुरी असल्याने तिची पाचवी रेघ इतरांच्या उलट दिशेने झुकलेली असे. कक्षातले लोक तिला मोजणीबाई म्हणत. तिच्या कागदात खाडाखोड नसे आणि अंदाज तर कधीच नसे.

या कामाचा एक दंडक होता: मोजणाऱ्याला मोजणीचा हेतू सांगायचा नाही. हेतू कळला की हात वाकडा पडतो, असे त्यामागचे तत्त्व, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. फेब्रुवारीत तिला तीन दिवस वखारीसमोर बसवले आणि फट ओलांडणाऱ्या सायकली मोजायला सांगितले, तेव्हा तिने 'का' असे विचारले नाही. दिवसाला सरासरी एकोणीस सायकली भरल्या. चाळीसच्या खाली आकडा गेला की मार्ग अनावश्यक ठरतो, हे तिला आता फलक लागल्यावर कळले.

आठच्या आधी तीच फट मुले पोचवणाऱ्या बायकांनी भरलेली असते, कारण आठला त्यांना कामावर हजर व्हायचे असते. ती स्वतःही सात बावीसला दोन मुलांसह आणि सात छप्पन्नला रिकाम्या खुर्चीसह, अशी दोनदा ओलांडते. दुपारी तीनला मुलांना त्यांचे वडील चालत आणतात. तेही पाचच्या आधीच. आठ वाजता तिने पाटी मांडीवर घेतली की मोजणी सुरू होई, आणि जे मोजायचे ते तोवर निघून गेलेले असे. तीन दिवस तिने संपूर्ण प्रामाणिकपणे स्वतःचा रस्ता बंद करण्याचे काम केले होते.

दुपारी ती पर्यवेक्षकांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, वखारीसमोरची फट बंद होतेय."

"होऊ दे की. एक कटकट गेली."

"माझ्या मोजणीवरून होतेय."

"मग अभिमान बाळगा. तुमच्या कागदावर वरून एकदाही शेरा आलेला नाही."

"सात ते आठ कोणी मोजलंच नाही. मुलं घेऊन जाणाऱ्या बायका तेव्हाच जातात. मी स्वतः जाते."

"हे तुम्हाला मोजताना आठवलं नाही?"

"आठला बसल्यावर सातचं आठवून रेघ ओढायची नसते, हे तुम्हीच शिकवलंत."

"बरोबरच शिकवलं." त्यांनी पेन खाली ठेवले. "हे बघा बाई. मोजणी खोटी होती म्हणालात, तर खोटी मोजणी करणाऱ्याला घरी बसावं लागतं. खरी होती म्हणालात, तर फट बंद. यातलं काय लिहून देता?"

"मोजणी खरी होती. वेळ चुकीची होती."

"वेळ तक्त्यावर छापलेली आहे. छापलेल्यापुढे मी काय डोकं आपटू? आणि कक्षातल्या माणसाला कक्षाच्या मोजणीवर हरकत घेता येत नाही, हेही छापलेलं आहे. बघायचंय?"

तिने ते पाहिले. छापलेले होते.

तिच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. पुढचा चौक नऊशे मीटरवर. फट गेली की प्रत्येक ओलांडणीला अठराशे मीटरचा फेरा. जातानाचा फेरा लवकर उठून भरून काढता आला असता. येतानाचा नाही, कारण पाळणाघराचे दार सात पस्तीसला उघडते आणि शाळेचे सात पंचेचाळीसला. म्हणजे ती आठ वाजून पाच मिनिटांनी जागेवर पोचणार. आठला गणक जागेवर नसला तर तो तास बाद होतो, आणि महिन्यात तीन तास बाद झाले की रोजंदारीच्या यादीतून नाव जाते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ते गेले असते.

पाळणाघराच्या काकूंना तिने विचारून पाहिले. काकू म्हणाल्या, "पाच मिनिटं आधी उघडलं की पाचजणी पाच मिनिटं आधी येतात. मग सव्वासातला येतात. मग मी कधी उठायचं, मध्यरात्री?" त्यांचे म्हणणे अन्याय्य नव्हते, आणि म्हणूनच त्यावर इलाज नव्हता. नवरा छापखान्यात पहिल्या पाळीला. तो सहालाच घराबाहेर पडतो. त्याने विचार करून सुचवले की तिने दुसरी नोकरी पाहावी. तिने सुचवले की त्याने दुसरा छापखाना पाहावा. त्यानंतर त्या रात्री घरात फक्त धाकटा बोलत होता.

उरल्या सासूबाई. त्यांचे गुडघे निकामी झालेले, जीभ शाबूत.

"माझ्या नावानं हरकत? अगं, मी जन्मात सायकलवर बसले नाही. लोक म्हणतील, म्हातारीला शर्यतीला जायचंय."

"नातवंडांसाठी म्हणून लिहायचं, आई."

"नातवंडांसाठी वाट्टेल ते लिहीन. पण तिथं पुरावा मागितला तर काय दाखवू, गुडघे?"

हा प्रश्न बरोबर होता. ज्या खात्याने एका मोजणीवरून निर्णय घेतला ते दुसऱ्या मोजणीशिवाय कशालाही जुमानणार नव्हते. गाऱ्हाण्याला त्या कार्यालयात रकाना नसतो.

म्हणून मंगळवार ते शुक्रवार, चार सकाळी, ती पावणेसातला वखारीच्या भिंतीपाशी सायकल स्टँडवर लावून उभी राहिली. मुले सायकलीवरच, कारण खाली उतरलेला धाकटा ही एक वेगळीच वाहतूक असते. पाटी हँडलवर टेकवलेली. त्यासाठी घरातून साडेसहाला निघणे भाग होते, म्हणजे रोजची लढाई अर्धा तास अलीकडे आणि दुप्पट चिडचिडीने लढली गेली. पहिल्या दिवशी एक मोजा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी धाकट्याने बूट रस्त्यावर फेकला, आणि त्यावरून दोन सायकली आणि एक टेम्पो जाईपर्यंत तो आणायला जाता आले नाही. त्याही अवस्थेत तिने दोन सायकलींच्या दोन रेघा ओढल्या. टेम्पोसाठी तक्त्यात जागा नव्हती.

थोरलीने पहिल्याच दिवशी तक्त्यात दोष काढला.

"त्या काकूंच्या सायकलवर तिघं आहेत. तू एकच रेघ मारलीस."

"सायकल एक आहे."

"पण मुलं दोन आहेत."

"मुलांचा रकाना नसतो."

"मग मी करते." तिने दप्तरातली वही काढली आणि प्रत्येक मुलामागे एक गोल काढू लागली. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या मावशींच्या पोटात बाळ आहे. तिला किती धरू?"

"दिसेल तेवढंच धरायचं."

"पोट दिसतंय की."

त्याच वेळी एकदम चार सायकली आल्या, आणि आईने चार रेघा ओढल्या.

साडेसातला पाटी पाठीवर बांधायची वेळ झाली. साडेसात ते आठच्या रकान्यात तिने लिहिले: मोजले नाही. सगळ्यात जास्त गर्दी त्याच अर्ध्या तासात असते, हे तिला नक्की माहीत होते. तरी तिने आकडा टाकला नाही. तिच्या जागी दुसऱ्या कोणी टाकला असता, आणि त्याला कोणी फारसे वाईटही म्हटले नसते.

"आणि आपली रेघ?" थोरली म्हणाली.

"आपण मोजणारे. मोजणारे स्वतःला धरत नाहीत."

"पण आता आपण जातोच आहोत ना पलीकडे?"

नियम असा होता की बसलेल्या गणकाने स्वतःस धरू नये. जाणाऱ्या गणकाबद्दल नियमात काही नव्हते. तिने क्षणभर विचार केला, पाटी पुन्हा सोडली, एक रेघ ओढली आणि पाटी पुन्हा बांधली. तेवढ्यात तिकडचा रस्ता मोकळा झाला होता आणि पुन्हा भरला.

"बघ, तुझ्यामुळे."

"तूच मारलीस रेघ," थोरली म्हणाली, आणि तिच्या वहीत दोन गोल काढले. एक स्वतःचा, एक धाकट्याचा. धाकट्याचा थोडा लहान.

चार सकाळींच्या सायकली अनुक्रमे त्रेचाळीस, सत्तेचाळीस, एकेचाळीस, एकोणपन्नास. दररोज अवघ्या पाऊण तासात.

हरकत सासूबाईंच्या नावाने गेली, सोबत चार सकाळींचे तक्ते आणि थोरलीच्या वहीतले पान. सुनावणी बावीस तारखेला, शुक्रवारी दुपारी. खोलीत एक लांब टेबल. पलीकडे तरुण अभियंता आणि त्याच्या शेजारी पर्यवेक्षक. सासूबाईंना जिने चढवत आणल्यामुळे सून आत येऊ शकली, आणि भिंतीलगतच्या बाकावर, बोलायचे नाही असे ठरवून, बसली. एक वाक्य चुकले तर फट आणि काम दोन्ही जाणार होते. विनाआदेश मोजणी करून खात्याविरुद्ध वापरणे ही त्या कक्षात चोरीच्या जवळपासची गोष्ट होती.

अभियंत्याने कागद उलटसुलट पाहिले. "आजी, हे कोणी मोजलं?"

"ज्याला मोजता येतं त्यानं."

"म्हणजे कोणी?"

"मी नाही. वीसच्या पुढं माझी गाडी अडते."

"साडेसात ते आठ इथं 'मोजले नाही' असं लिहिलंय. लोक असं रिकामं सोडत नाहीत. अंदाजे काहीतरी टाकतात."

"अंदाज घरी चालतो, मिठाला."

अभियंता किंचित हसला. "पण का नाही मोजलं?"

"पोरांना पोचवायचं होतं ना. दार पस्तीसला उघडतं, त्याआधी उघडत नाही ती बाई. पायरीवर बसवते."

बाकावरच्या सुनेने डोळे मिटले. सासूबाईंना आपण काय बोललो हे कळायला एक श्वास लागला. मग त्या अभियंत्याकडे अशा काही पाहू लागल्या की जणू चूक त्याची होती.

पर्यवेक्षकांनी हात पुढे करून कागद आपल्याकडे ओढला. पाचवी रेघ उलट दिशेने झुकलेली होती. तीन वर्षे रोज दुपारी त्यांनी ती रेघ तपासली होती. त्यांनी बाकाकडे पाहिले नाही. माणूस अशा वेळी किती लवकर विचार करतो हे पाहण्यासारखे असते. आपल्या हाताखालच्या बाईने आदेशाशिवाय मोजले, तर जाब त्यांना द्यावा लागणार. आदेशाने मोजले, तर कक्षाने स्वतःहून आपली चूक शोधली असे होणार.

"साहेब," ते म्हणाले, "ही आमच्या कक्षाचीच पूरक गणना आहे. पहिल्या मोजणीत वेळेची त्रुटी असावी अशी शंका मला होतीच."

"मग फाइलला का नाही?"

"आज लावतो."

"आणि हे गोल कसले?"

"डोकी," सासूबाई म्हणाल्या. "नातीनं काढलीत. दोनशे अकरा आहेत. तिनं दोनदा मोजली."

अभियंत्याने ते पान थोडा वेळ हातात धरले. मग "याला रकाना नाही" असे म्हणून, उर्मटपणाने नव्हे, ते बाजूला काढून सासूबाईंना परत दिले. उरलेले कागद टाचणी मारून फाइलीत गेले.

अठ्ठावीस तारखेला आदेश निघाला: पर्यवेक्षकांनी तत्परतेने केलेल्या पूरक गणनेच्या आधारे फट बंद करण्याचा निर्णय रद्द. फलक काढला गेला. त्याचे दोन खिळे तेवढे दुभाजकात राहिले, आणि धाकट्याच्या खुर्चीचा पट्टा आता त्यांत अधूनमधून अडकतो.

एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या पाळीची हजेरी लावताना, तिने पर्यवेक्षकांना विचारले.

"साहेब, पूरक गणनेचे तीन तास माझ्या नावावर लागलेले नाहीत."

"आदेश क्रमांक?"

"आदेश नव्हता. पण गणना कक्षाची आहे, असं तुम्हीच सांगितलंत."

"कक्षाचीच आहे. म्हणून तर फट उघडी आहे." त्यांनी आवाज खाली आणला, तो धमकीचा नव्हता, समजावणीचाच होता. "तास लावायचे तर आदेश जोडावा लागेल. आदेश नाही म्हटलं की विचारतील, मग आदेशाशिवाय मोजलं कोणी? विचारू द्यायचं का, बाई? तुम्ही सांगा."

त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. याच माणसाने तिचे काम वाचवले होते, आणि ते वाचवताना ते स्वतःच्या नावावर घेतले होते. या दोन गोष्टी वेगळ्या करून मांडण्यासाठी जी भाषा लागते ती तिला येत होती. वेळ मात्र पाचला चार मिनिटे कमी अशी होती. तिने पाटी उचलली, नवा तक्ता चिमट्यात अडकवला आणि जागेवर जाऊन बसली.

फट उघडी आहे. चार सकाळींच्या तीन तासांची मजुरी अजून दिलेली नाही.